सांध्यावरची फुगडी

चाळीस वर्षं लोकलमध्ये उभ्याने काढलेल्या माणसाला उभं राहायला लंडनने शिकवावं, हे काही बरं नाही.

भुयारी रेल्वेच्या नकाशावर सर्कल लाइनची पिवळी रेघ पाहून हिने ठरवलं, "इथे बसायचं आणि शहराला प्रदक्षिणा घालायची." किंग्ज क्रॉसला चढलो. तिथून फॅरिंग्डनपर्यंतचा तुकडा जगातल्या पहिल्या भुयारी रेल्वेचा, १८६३ सालचा. गाडी मात्र नवी. सात डबे, जवळजवळ ११७ मीटर, आणि डब्या-डब्यांमध्ये दारच नाही! आपल्या लोकलमध्ये शेजारच्या कंपार्टमेंटमधलं भांडण फार तर जाळीतून दिसतं. इथे पहिल्या डब्यातली जांभई शेवटच्या डब्यापर्यंत दिसावी.

हिला जागा मिळाली. मला दोन डब्यांच्या मधली ऐसपैस मोकळी जागा दिसली. इथे कुणीच कसं उभं नाही? लंडनकरांना गर्दीतली जागा हेरता येत नाही, असं म्हणत मी तिथे ठाण मांडलं.

लिव्हरपूल स्ट्रीट सुटलं आणि ऑल्डगेटच्या अलीकडे गाडी उजवीकडे वळली. पार पुढे लाल टोपीवाला एक गृहस्थ बसला होता. तो बसल्या बसल्या भिंतीआड सरकला. मग त्याच्या शेजारची बाई गेली, मग अख्खा बाक गेला. इकडे माझ्या उजव्या हाताची रबरी भिंत पेटीच्या भात्यासारखी मिटली, डाव्या हाताची उघडली. खाली पत्र्यावर पत्रा जात्याच्या पाळीसारखा फिरायला लागला. माझा डावा पाय पुढच्या डब्याबरोबर निघाला, उजवा मागच्याशी इमान राखून जागीच राहिला.

गंमत अशी, की डबा स्वतः काठीसारखा ताठ असतो. वाकायचं ते सगळं सांध्यात. गुडघेदुखीवाल्याला हे निराळं समजावून सांगायला नको. पण आधी सुचायला हवं होतं.

"अहो, फुगडी कसली घालताय? आत या!"

"कुठल्या आत?" मी विचारलं. प्रश्न रास्त होता.

पुढे टॉवर हिल, वेस्टमिन्स्टर, पॅडिंग्टन करत एजवेअर रोड आलं आणि सगळे उतरले. गाडी पुढे जाईना. सर्कल लाइनचं वर्तुळ २००९ सालीच मोडलंय म्हणे. आता गाड्या इथेच संपतात आणि आल्या वाटेने उलट फिरतात. किंग्ज क्रॉस इथून अवघं चौथं स्टेशन, नुसती गाडी बदलायची.

ही जागची हलेना. "शंकराची प्रदक्षिणा समजा. पन्हाळी ओलांडायची नसते. आल्या वाटेने मागे फिरायचं."

चार स्टेशनांसाठी पुन्हा अख्खं लंडन! मी मुकाट्याने डब्याच्या मधोमध सीट पकडली. ऑल्डगेट आलं तशी ही उठली, पर्स माझ्या मांडीवर टाकली, सांध्यावर जाऊन उभी राहिली आणि पदर खोचला.