जुन्या मराठी फॉन्टसाहेबांस मुदतवाढीनिमित्त खुले पत्र

प्रति,
मा. जुने मराठी फॉन्टसाहेब (कृतिदेव, शिवाजी, सुरेख व इतर सर्व घराणी),
मुक्काम : हापिसातला कोपऱ्यातला संगणक

विषय : निवृत्तीचे वय उलटूनही सेवेत राहिल्याबद्दल अभिनंदन.
संदर्भ : शोधला, सापडला नाही.

महोदय,

संगणकावर मराठी दिसणे वेगळे आणि संगणकात मराठी असणे वेगळे, हे साहेबांइतक्या चोखपणे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द टंकला की पडद्यावर म, रा, ठी सगळे जागच्या जागी दिसते. संगणकाच्या दफ्तरी मात्र नोंद होते ती ई, जे, के, मोठा बी आणि एच या पाच इंग्रजी अक्षरांची. साहेबांनी ‘ई’च्या अंगावर ‘म’चे चित्र चढवलेले असते, ‘जे’च्या अंगावर ‘र’चे, ‘के’च्या अंगावर कान्याचे. हाच मजकूर निवडून फॉन्टच्या यादीतून एरियल निवडला की चित्रे उतरतात आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी उरते. वरून कीर्तन, आतून तमाशा ही म्हण साहेबांच्या जन्माआधीची खरी. पण तिचा इतका तंतोतंत वापर पुढे कोणी केला असेल असे वाटत नाही.

हा प्रकार कोणाच्या वाईट हेतूने सुरू झाला नव्हता, हेही येथे नमूद करणे भाग आहे. जुन्या पद्धतीत एका अक्षराला एक बाइट मिळे, म्हणजे सगळ्या मिळून २५६ जागा. त्यांतल्या पहिल्या १२८ ‘आस्की’ या इंग्रजी संकेताच्या मालकीच्या. सर्वसाधारण संगणकात देवनागरीचे स्वतःचे घर नव्हते, म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजीच्या घरात बिऱ्हाड थाटले. तेथे सगळी जोडाक्षरे मावेनात, तेव्हा अक्षरांचे तुकडे पाडले. कृतिदेवमधला ‘ध’ हे एक अक्षर नाहीच. अर्धा ध आणि पुढे काना अशी त्याची जुळणी होते. कळांची मांडणी टाइपरायटरची ठेवली, कारण टंकलेखनाच्या क्लासात ३० आणि ४० शब्दांची परीक्षा दिलेल्या बोटांना तीच ठाऊक होती. लग्नपत्रिका, दिवाळी अंक, निवडणुकीची पत्रके, नगरपालिकेच्या नोटिसा असे कितीतरी काम साहेबांनी वर्षानुवर्षे ओढले. वळणदार अक्षराच्या बाबतीत तर युनिकोड या नंतरच्या संकेताचे सुरुवातीचे फॉन्ट साहेबांच्या पासंगालाही पुरत नव्हते.

निवृत्तीची तजवीज मात्र फार लवकर सुरू झाली होती. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय लिप्यांसाठी इनस्क्रिप्ट ही कळमांडणी प्रमाण ठरवली. १९९१ मध्ये ‘इस्की’ हा भारतीय संकेत मानक म्हणून आला आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र वाडा मिळाला. त्या वाड्यात ‘म’चा क्रमांक २३५०, ‘र’चा २३५२, कान्याचा २३६६, ‘ठ’चा २३३६ आणि दीर्घ वेलांटीचा २३६८. फॉन्ट कोणताही असो, संगणक कोणत्याही देशातला असो, ‘मराठी’ म्हणजे हेच पाच आकडे, याच क्रमाने. पुढे विंडोज २००० पासून ही सोय विंडोजमध्येच येऊ लागली. तिच्यासोबतचा मंगल हा फॉन्ट मुंबईचे कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. तेव्हापासून ‘सोयच नाही’ ही सबब संपली. मुदतवाढ मात्र संपली नाही.

या वाढीव सेवाकाळातली साहेबांची पहिली कामगिरी म्हणजे वर्णमालेची फेररचना. कृतिदेवमध्ये टंकलेली नावांची यादी एक्सेलमध्ये क्रमाने लावली तर बबन पहिला येतो, त्याच्यामागे कमल आणि मग मंदा. अनंतराव जवळजवळ तळाला जातात, नंदाच्याही खाली आणि लताच्या जरा वर. कारण उघड आहे. संगणक बिचारा सी, डी, ई या इंग्रजी क्रमानेच लावत असतो. ‘ब’ला ‘सी’ची जागा आणि ‘अ’ला ‘व्ही’ची जागा साहेबांनीच दिलेली. त्याहून मौज वेलांटीची. टाइपरायटरच्या रीतीने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकावी लागते, म्हणून किरण आणि विजय ही दोन्ही नावे संगणकाच्या लेखी वेलांटीनेच सुरू होतात. कमल आणि किरण एकाच ‘क’च्या असूनही त्यांच्यामध्ये मंदा येऊन बसते. मतदारयादी असो वा शाळेचा पट, अशा यादीत आपले नाव शोधणाऱ्याने वर्णमाला शाळेत शिकली होती ती विसरून जावी हे बरे.

दुसरी कामगिरी गोपनीयतेची. माहिती अधिकाराचा कायदा २००५ साली आला. माहिती द्यावी लागू लागली. साहेबांच्या कृपेने ती देऊनही न दिल्यासारखी ठेवता येते. तीनशे पानांची पीडीएफ मिळते, डोळ्यांना पान न् पान स्वच्छ दिसते, पण शोधाच्या चौकटीत ‘ठराव’ लिहिले की उत्तर येते : काही सापडले नाही. खरेच आहे, त्या फाइलीत ‘ठराव’ हा शब्द नसतोच, इंग्रजी अक्षरांची एक रांग असते. याच कारणाने इंटरनेटवरच्या शोधयंत्रांनाही असा मजकूर मराठी म्हणून दिसत नाही. दृष्टिहीन वाचकांचे हाल याहून मोठे. एनव्हीडीएसारखे पडदावाचक सॉफ्टवेअर मराठी वाचू शकते, पण साहेबांच्या मजकुरावर ते इंग्रजी अक्षरांचा निरर्थक पाढा म्हणत सुटते. येथे थट्टेला फारसा वाव नाही. नोटीस सर्वांसाठी काढायची आणि काहींना ती वाचताच येऊ द्यायची नाही, हा निव्वळ अन्याय आहे.

एखादी फाइल साहेबांच्या ताब्यात आहे की नाही, हे ओळखायला जाणकार लागत नाही. दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये किंवा व्हॉट्सॲपच्या संदेशाच्या चौकटीत चिकटवाव्यात. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. एफ, जी, के यांची जत्रा भरली तर साहेब.

साहेबांच्या बाजूने नेहमी सांगितले जाणारे कारण बोटांचे असते : “वीस वर्षांचा हात बसलाय, आता नवीन कुठे शिकायचे?” यात दोन गोष्टींची गल्लत आहे. कोणती कळ दाबायची ही मांडणीची बाब, आणि दाबल्यावर आत काय साठते ही संकेताची. टाइपरायटरची मांडणी जशीच्या तशी ठेवून आत युनिकोड साठवणारी कळपाट-सॉफ्टवेअरे मिळतात. बोटांना पत्ताही लागत नाही. नव्याने शिकणाऱ्याने मात्र इनस्क्रिप्टच शिकावे. त्यात स्वर आणि त्यांची चिन्हे डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या हाताला; ‘क’ आणि ‘ख’ एकाच कळेवर, शिफ्टचा काय तो फरक. उच्चारावरून इंग्रजी अक्षरांत टंकणाऱ्यांसाठी विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कळपाटही आहे. सेटिंग्जच्या टाइम अँड लँग्वेज भागात मराठी भाषा जोडली आणि तिच्या पर्यायांतून हवा तो कळपाट घेतला की पुढे विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबायचा; इंग्रजीतून मराठीत आणि उलट जाता येते. यासाठी दमडीही लागत नाही, हेच कदाचित खरेदी विभागाला खुपत असावे.

साहेबांच्या वारसदाराचेही सगळेच गुण गाण्याजोगे नाहीत. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ साली. तोवर लोक ‘अ’ टंकून त्यावर चंद्र देत आणि अजूनही देतात. दोन्ही रीतींचा ‘ॲप’ दिसायला सारखा, पण संगणकाच्या मते ते दोन निराळे शब्द. एक शोधला तर दुसरा सापडत नाही. ‘दऱ्या’मधल्या आडव्या रफाराचेही तसेच. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे दाबून ‘ऱ’, मग डी दाबून हलन्त, मग ‘य’ असा तो येतो. काही कळपाट मात्र साध्या ‘र’ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून तोच आकार काढतात. ज्यांना हे ठाऊक नाही ते ‘आचाऱ्यांचा सत्कार’ योजून ‘आचार्यांचा सत्कार’ छापतात आणि स्वयंपाकघरातली मंडळी नाराज होतात. मोबाइलच्या साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, युनिकोड मराठीची ७०च. पण हे दोष घरातले आहेत, नियम ठरवून दूर होण्याजोगे. साहेबांचा दोष पायातला आहे.

निवृत्तीचे कागद करताना, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये आणताना, घाई करू नये. फॉन्ट परिवर्तक फुकट मिळतात, पण प्रत्येक घराण्याची सोंगे निराळी. कृतिदेवचा परिवर्तक शिवाजीच्या फाइलीला लावला तर एका खिचडीतून दुसरी तयार होते. आधी फाइलीतल्या फॉन्टचे नेमके नाव पाहावे, मग जोडाक्षरांनी गजबजलेले एक पान बदलून बघावे. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘ऱ्या’ या तीन ठिकाणी परिवर्तक हमखास ठेच खातात. तपासणी तेथून सुरू करावी. मराठी मजकुरात मध्येमध्ये खरे इंग्रजी शब्द असतील तर जास्तच जपावे, कारण परिवर्तकाला खरी इंग्रजी आणि सोंगाची इंग्रजी यांतला भेद कळत नाही. लहान लिपीत लिहिलेल्या ‘पीडीएफ’ची तीन इंग्रजी अक्षरे त्यातून ‘च’, ‘क’ आणि मागे लोंबकळणारी वेलांटी होऊन बाहेर पडतात. वर्डमध्ये जुन्या फॉन्टच्या मजकुरात कर्सर ठेवून सारख्या घडणीचा सगळा मजकूर एकदम निवडण्याची सोय आहे, होम पट्टीवरच्या सिलेक्टखाली. तिने फक्त तेवढाच भाग उचलून बदलावा. मूळ फाइल हरवलेली आणि हाती नुसती पीडीएफ असेल तर परिवर्तकाच्या नादी लागण्यापेक्षा ओसीआर बरे. ते दिसणारे अक्षर वाचते, आतल्या सोंगाशी त्याला देणेघेणे नसते. टेसरॅक्ट या मुक्त ओसीआरला मराठी येते.

युनिकोड आल्यावरही एक्सेलमध्ये घात होतोच. साध्या सीएसव्ही प्रकाराने जतन केलेल्या मराठी यादीच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ उरते आणि ती परत येत नाही. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडावा. दुसऱ्याकडून आलेली सीएसव्ही दोनदा टिचकी मारून उघडल्यावर डोक्यावर तिरकी रेघ असलेल्या ‘ए’ची रांग दिसली, तर घाबरून फाइल जतन मात्र करू नये. ती तशीच बंद करून डेटा पट्टीवरून आत घ्यावी आणि फाइलचा संकेत विचारला की ६५००१ हा क्रमांक निवडावा; मराठी सुखरूप असते.

छापखान्यांची अडचण खरी होती. पेजमेकर या पाने जुळवण्याच्या सॉफ्टवेअरला युनिकोड देवनागरी कधीच जमली नाही आणि २००१ साली निघालेली सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची ठरली. तरीही जुन्या संगणकावर ते सांभाळून लग्नसराईची कामे उरकणारे डीटीपीवाले असतात. इनडिझाइन या तशाच नव्या सॉफ्टवेअरमध्ये आता परिच्छेदाच्या मांडणीसाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला की जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट बसतात. न निवडल्यास त्या तुटतात, आणि ‘युनिकोड छपाईला चालत नाही’ ही अफवा बहुधा या एका न बदललेल्या सेटिंगमुळे टिकून आहे. देखण्या अक्षराची वाणही उरलेली नाही. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू, आयआयटी मुंबईचा शोभिका हे फॉन्ट मोफत आहेत आणि पत्रिकेपासून प्रबंधापर्यंत चालतात.

साहेबांना एकदम घालवून मात्र देऊ नये. ज्या जुन्या फाइली अजून बदललेल्या नाहीत, त्या साहेबांवाचून उघडल्या तरी वाचता येत नाहीत. म्हणून प्रत्येक घराण्याची फॉन्ट-फाइल त्या त्या दस्तऐवजांच्याच फोल्डरमध्ये जपून ठेवावी, सोबत प्रत्येक दस्तऐवजाची एक पीडीएफ काढावी आणि कोणत्या फाइलीला कोणता फॉन्ट लागतो याची नोंद त्याच फोल्डरमध्ये करावी. ती नोंद युनिकोडमध्ये असावी.

कळावे.