मोजेकाका

प्रत्येक सोसायटीत एक मोजेकाका असतात; तुमच्याकडे त्यांना वेगळं नाव असेल, एवढंच. आमचे तिसऱ्या मजल्यावर राहतात. ऐन पावसाळ्यात एकदा सकाळी सकाळी बेल वाजवून त्यांनी विचारलं, "एक मोजा आहे का? एकच. जोडी नको."

शेरूचा पाय कापला होता. शेरू तसा कोणाचाच नाही. कानाला नसबंदीची खाच, मुक्काम गेटपाशी, भुंकणं फक्त कुरिअरवाल्यांवर. कोणीतरी फेकलेल्या ट्यूबलाइटची काच त्याच्या पंजाच्या गादीत शिरली. काकांनी त्याला टॅक्सीत घालून परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं, टाके घालून स्वतःच्या घरी आणलं आणि तेव्हापासून माणसांच्या चेहऱ्याकडे बघणं सोडलं. ते पायांकडे बघत.

लिफ्टमध्ये भेटले की "नायलॉनचा दिसतोय. उपयोग नाही. सुती हवा." शाळेच्या बसपाशी पोरांना "घट्ट व्हायला लागला की सांग हं." कहर झाला तो चौथ्या मजल्यावरच्या सत्यनारायणाला. दाराबाहेरच्या बुटांत खोचलेले मोजे काका वाकून चाचपत असताना त्यांचे मालकच बाहेर आले. "कापड बघत होतो," काका म्हणाले. ते खरंच होतं, पण ते गृहस्थ यजमानांचे होणारे व्याही होते.

एवढे मोजे कशाला? पट्टीवर मोजा, आणि बाहेर नेताना मोज्यावर अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी. घरात पाऊल टाकताच पिशवी काढायची, कारण कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गादीला. आत ओल राहिली की जखम चिघळते. मोजा भिजला की लगेच दुसरा. बोटांच्या बेचक्यांत कापूस. मधल्या दोन बोटांची टोकं पट्टीबाहेर ठेवायची आणि मोजा सरकवून अधूनमधून चाचपायची. सुजली किंवा गार लागली तर पट्टी घट्ट झाली. हे मी कुठे वाचलेलं नाही. आमच्या जिन्यात हे आता पहिलीतल्या पोरालाही पाठ आहे.

वॉचमनने बिचाऱ्याने मोजा निसटू नये म्हणून रबरबँड पुढे केला, तर काका विंचू दिसल्यासारखे मागे सरले. "रक्त अडतं! पाय जातो!" मोज्यावर चिकटपट्टी, तीही सैल. नंतर त्यांनी सेक्रेटरींच्या हातातल्या कोथिंबिरीच्या जुडीचासुद्धा रबरबँड जप्त केला. कोणी शेरूसाठी आपली डोकेदुखीची गोळी देऊ केली, तर माणसांची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतते यावर पार्किंगमध्ये व्याख्यान झालं.

दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "कुत्रं चाटून बरं होतं हो." काकांनी वाद घातला नाही. संध्याकाळी शेरूच्या गळ्यात जुन्या एक्सरेचं नरसाळं आलं. तो उजेडाकडे तोंड करून उभा राहिला की त्यात एक गुडघा दिसे.

"कोणाचा हो?"

"हिचा," काका म्हणाले. काकू जाऊन दोन वर्षं होत आली. "ऑपरेशन करायचं राहूनच गेलं. फिल्म मात्र दणकट निघाली."

त्याच महिन्यात सोसायटीच्या सभेत भटक्या कुत्र्यांच्या बंदोबस्ताचा ठराव एकमताने मंजूर झाला. ठराव मांडणाऱ्यांचा निळा मोजा त्या वेळी शेरूच्या पायात होता. त्यांनी तो स्वतः, सुती आहे याची खात्री करून दिला होता. काकांनीही ठरावाच्या बाजूने हात वर केला. का, असं विचारलं तर म्हणाले, "भटक्या म्हटलंय ना? हा तिसऱ्या मजल्यावर राहतो."

टाके निघाले. उरलेले मोजे धुऊन, इस्त्री करून ज्याचे त्याला परत गेले. काही घरांत ते नको नको म्हणत घेतले गेले आणि बहुधा थेट केराच्या डब्यात. शेरू गेटवर राहायला गेला. जिना शांत झाला. कबूल करायला जिवावर येतं, पण त्या शांततेने मला बरं वाटलं नाही.

परवा बेल वाजली. दारात काका. मी सवयीने कपाटाकडे वळलो.

"मोजा नको," ते म्हणाले. मग जरा थांबून, "चहा टाकलायत का?"

आत आले, बसले. शेरूला वर बोलावलं तरी येत नाही म्हणाले. त्याला गेटच बरं वाटतं. मी काहीतरी बोलायचं म्हणून फरसाणाची पिशवी पुढे केली. तिच्या तोंडाला गुंडाळलेला रबरबँड त्यांना दिसला. त्यांनी कप खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "हे बघा, रक्त अडतं म्हणजे काय होतं, ते तुम्हाला नीट कळलेलं दिसत नाही."