नागपूर ते देवळी, मार्गे फाइव्ह-जी

"तुया मोबाईलात ते पाचवालं नेट हाय म्हंतेत," देवळीच्या मावशीचा फोन आला. "एक दिवस ये अन् माही केवायसी करून दे. सेतूत गेलं का तो पोट्टा म्हंते, सर्वर डाउन हाय."

नागपूरकराला असं कोणी म्हटलं की त्याची मान आपोआप ताठ होते, कारण या बाबतीत आम्ही खानदानी आहोत. १ ऑक्टोबर २०२२ ला दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते फाइव्ह-जीचं उद्घाटन झालं आणि त्याच आठवड्यात एअरटेलने ज्या आठ शहरांत सेवा सुरू केली, त्यांत दिल्ली, मुंबई, बंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, वाराणसी, सिलिगुडी यांच्या पंगतीला नागपूर होतं. पुणं नव्हतं. २०१२ मध्ये याच कंपनीचं फोर-जी कोलकाता आणि बंगळुरूच्या पाठोपाठ पुण्याला गेलं होतं आणि आम्ही हात चोळत बसलो होतो. दहा वर्षांनी का होईना, हिशेब चुकता झाला.

मिळालेल्या वेगाचं नागपूरने काय केलं, हे मात्र विचारू नका. आम्ही तो मोजला. सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर मोजला, धरमपेठेत मोजला, फुटाळ्यावर मोजला. एकदा मोजायला शेकडो एमबी जात, पण त्याची पर्वा कोणाला होती? ज्यांनी कर्ज काढून आयफोन घेतले होते ते मात्र डिसेंबरपर्यंत अपडेटची वाट पाहत आमच्या आकड्यांकडे बघत उभे असत. तो आनंद पुन्हा नाही.

तर गणेशपेठच्या स्टँडवरून लाल गाडीत बसलो. शेजारी इंजिनिअरिंगचा एक पोरगा. माझ्या फोनच्या कोपऱ्यातलं 'फाइव्ह-जी' पाहून त्याने सांगितलं, "काका, सेकंदाला एक गिगाबिट मिळालं न, तर एक जीबीचा पिक्चर एका सेकंदात." मी म्हटलं, "आठ सेकंदांत. कंपनी बिटमध्ये मोजते, पिक्चर बाइटमध्ये असतो आणि आठ बिटांचा एक बाइट." तो जरा हिरमुसला. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "आठ सेकंदांत पाहून होते का जी पिक्चर?"

बुटीबोरी मागे पडली आणि कोपऱ्यातला आकडा खाली-वर व्हायला लागला. पाच, चार, पुन्हा पाच. पाच दिसे तेव्हाही पान उघडेलच असं नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे दोन तऱ्हेचं फाइव्ह-जी आलं. जिओने ते स्वतंत्र उभं केलं. एअरटेलने सुरुवात केली ती फोर-जीच्या खांद्यावर बसवून. या दुसऱ्या तऱ्हेत फोन आधी फोर-जीचाच हात धरतो आणि जवळपास फाइव्ह-जीची सोय आहे एवढं कळलं तरी कोपऱ्यात पाच झळकवू शकतो. निवडणुकीच्या बॅनरवर उमेदवाराचा चेहरा दिसावा तसं ते असतं. दर्शन होतं, भेट होईलच असं नाही. पोराला हे समजावून सांगेपर्यंत सेलू आलं आणि आकडा जाऊन नुसत्या दोन काड्या उरल्या.

पवनारला धाम नदीचा पूल ओलांडला की डावी-उजवीकडे सगळा इतिहासच आहे, पण मला नेहमी आठवतो तो सेवाग्रामचा पत्त्याचा घोटाळा. १९३६ मध्ये गांधीजी इथल्या शेगावात राहायला आले आणि त्यांची पत्रं, तारा गजानन महाराजांच्या शेगावला जायला लागल्या. देशाचं राजकारण इकडून चाललेलं आणि टपाल तिकडे बुलढाणा जिल्ह्यात. शेवटी १९४० मध्ये गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. नेटवर्क सुधारत नसेल तर गाव सुधारावं, हा उपाय पुढे कोणत्याही कंपनीला सुचला नाही. त्याच आश्रमात, व्हाइसरॉय लिनलिथगो यांना बापूंशी थेट बोलता यावं म्हणून बसवलेला टेलिफोन आहे. वर्धा जिल्ह्यातलं सगळ्यात जलद कनेक्शन ते. एकच नंबर, आणि उचलणारा दिल्लीत.

वर्ध्याला गाडी बदलली, मावशीसाठी गोरसपाक घेतला. सावंगी आणि सालोड ओलांडून यवतमाळ रोडने देवळी अर्ध्या-पाऊण तासात येते. आता तिथे रेल्वेनेही जाता येतं, आणि या रेल्वेवर थोडं थांबलंच पाहिजे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला २००८-०९ मध्ये. त्याच सुमाराला, डिसेंबर २००८ मध्ये, एमटीएनएलने दिल्लीत देशातलं पहिलं थ्री-जी सुरू केलं. नंतर थ्री-जी गावोगाव आलं, म्हातारं झालं, कंपन्यांनी ते बंदही केलं. फोर-जी आलं. २०१६ मध्ये जिओने ते फुकट वाटलं. फाइव्ह-जी आलं. आणि २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्ध्याहून देवळी-भिडीमार्गे कळंबला पहिली गाडी सुटली. देवळीकर मात्र दोन्हींकडे सारख्याच समभावाने पाहतात. "आली न शेवटी?" एवढंच.

मावशीचं घर जुनं, जाड भिंतींचं, पुढे पत्र्याची पडवी. दारात पाय ठेवला आणि कोपऱ्यातला पाच विझला. फाइव्ह-जीचा मोठा भार ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर आहे. या लहरी माहिती भरपूर वाहतात, पण लांब जात नाहीत, आणि भिंत, पत्रा, हिरवंगार झाड यांच्यापुढे हात टेकतात. मावशीला याचा काही अभ्यास नाही, पण निष्कर्ष तयार होता. "आत नाई येत थे. तुयशीपाशी उभा राह्य."

तुळशीपाशी खरोखर वेग होता. मोजला, सवयच ती. तीन आकडी भरला. शेजारच्या ओट्यावरून दोन पोरं पाहायला आली आणि मी त्यांना पुन्हा मोजून दाखवला. मग ज्या सरकारी योजनेसाठी ही केवायसी हवी होती, तिचं पान उघडलं. पान कसलं, चार ओळी आणि एक रिकामी चौकट. मावशीचा आधार नंबर टाकला. ओटीपी तिच्या फोनवर आला, टाकला, झालं. मी विजयी मुद्रेने मावशीकडे पाहिलं. तेवढ्यात पानाने नवऱ्याचा आधार नंबर मागितला.

काकाजींचा आधार ज्या नंबराला जोडलेला, तो त्यांच्या कीपॅडच्या फोनात. फोन त्यांच्या बंडीच्या खिशात. काकाजी कपाशीत. मुदत दहा मिनिटं.

मी फोन लावला. बोलायचं म्हटल्याबरोबर माझा फोन पाचवरून चारवर उतरला, पण घंटी गेली.

"काकाजी, मेसेज आला का? आकडा सांगा."

"कापूस मोजून राहिलो न बाप्पा. बाया थांबल्या हायेत."

वेचणीची मजुरी किलोवर, त्यामुळे काटा सोडता येत नाही. पलीकडून "चौदा!", "माहे पंधरा भरले होते जी!" असं ऐकू येत होतं. वरून मावशी ओरडत होती, "चष्मा घरीच राह्यला त्यायचा, त्यायले नाई दिसत!" शेवटी काकाजींनी वेचणाऱ्यांतल्या एका शाळकरी पोरीच्या हाती फोन दिला. तिने आधी कॉल कापला, मेसेज वाचला, पुन्हा कॉल केला आणि सहा आकडे खणखणीत म्हटले. शिवाय बजावलं, "हा कोनाले सांगू नोका असं लिवलं हाय याच्यात."

केवायसी झाली.

ज्या मेसेजवर हे सगळं अडलं होतं, त्याला फार तर १४० बाइट लागतात. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ चा, आणि काकाजींच्या फोनात तो आजही टू-जीवरूनच येतो. ऐन शेतात, झाडाखाली, जिथे माझ्या फोनने काडीसुद्धा दाखवली नसती. मावशीने मला पोळीबरोबर चार गोष्टी जास्त वाढल्या, पण श्रेय कोणाला जातं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "यायचा डब्बाच बरा," ती म्हणाली.

आता बीएसएनएलचं स्वदेशी फोर-जीही २७ सप्टेंबर २०२५ पासून हजारो टॉवरवर सुरू झालं आहे, आणि २०३० पर्यंत सिक्स-जी आणायचं असं सरकारी दस्तऐवजात २०२३ सालीच लिहून ठेवलं आहे. येईल तेव्हा नागपुरात आम्ही मोजूच. तूर्तास तुम्हाला गावाकडून कोणी केवायसीसाठी बोलावलं, तर आपल्या नेटचा वेग सांगू नका. घरातल्या प्रत्येकाचा आधार कोणत्या नंबराला जोडलाय ते विचारा, आणि त्या दिवशी तो फोन आणि चष्मा दोन्ही घरी ठेवायला सांगा.