भावी डॉक्टर

नारायणगाव-मंचर पट्ट्यात चौकाचौकात भावी माणसांचे फ्लेक्स लागतात. भावी सरपंच, भावी सभापती, भावी आमदार. आमच्या डॉक्टरचा फ्लेक्स अजून कुणी लावलेला नाही, पण भावीपणात तो या सगळ्यांना सीनियर आहे. एमएस्सी ऑरगॅनिक केमिस्ट्री फर्स्ट क्लासात सुटला आणि ‘आता पीएचडीचं बघतोय’ असं एकदा पारावर बोलून गेला, त्या दिवसापासून गाव त्याला डॉक्टर म्हणतं. “डाक्टर, गाय कालपासनं रवंथ करीना,” म्हणून एखादी आजी त्याला वाटेत गाठते. तो खायचा सोडा सांगतो. गाय बरी होते. ॲडमिशन काही होत नाही.

जुन्नर-आंबेगावात दर चार गावांमागे असा एक डॉक्टर सापडेल. शाळेत असताना २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तो खोडदच्या दुर्बिणी बघायला गेलेला असतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आकाशातले रेडिओ तरंग पकडणाऱ्या, आणि त्यातल्या काही चक्क आपल्या शिवारात. बाकीची पोरं भेळ खाऊन परत येतात. हा परत येतो तो शास्त्रज्ञ व्हायचं ठरवूनच. पुढे बीएस्सी जुन्नरला, ओतूरला नाहीतर मंचरला, एमएस्सी पुण्यात, आणि मग सुरू होतं त्याचं खरं आयुष्य, म्हणजे फॉर्म भरणं.

गाव मृग-आर्द्रा मोजतं, डॉक्टर परीक्षा मोजतो. फेब्रुवारीत गेट, जूनला नेट, डिसेंबरात टीआयएफआर, आणि डिसेंबरातच पुन्हा नेट, जमलं तर. जॅम देऊन झाली, ती एमएस्सीच्या आधीच, पण तिचाही पेपर तो दरवर्षी घरी सोडवतो, ‘टच राहावा म्हणून’. नेट त्याने काढली आहे, पण नुसती लेक्चररशिपपुरती. जेआरएफ थोडक्यात हुकली. हा ‘थोडक्यात’ त्याच्या घरात कुणी मेल्यासारखा बोलला जातो. जेआरएफ असती तर २०२३ च्या जानेवारीपासून महिन्याला ३७,००० रुपये मिळाले असते. त्याची आई स्थळं बघताना हा आकडा मिळाल्यासारखाच सांगते. “सरकारीच आहे, फक्त ऑर्डर यायची ऱ्हायलीय.” तूर्तास तो एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि मानधन वर्षाच्या शेवटी एकदम मिळेल या आशेवर मोटारसायकलमध्ये पेट्रोल टाकतो.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात, पीएचडी करून पोरं काय दिवा लावणार, असा प्रश्न थेट उपमुख्यमंत्र्यांनीच विचारला. तेव्हा डॉक्टरच्या आबांनी टीव्हीचा आवाज वाढवला होता. बोलले काही नाहीत.

आबांचा खरा आक्षेप डॉलरला आहे. परदेशातल्या विद्यापीठांत नुसता अर्ज करायचे पंचाहत्तर डॉलर लागतात, कुठे शंभराच्याही वर. आबा त्याचं लगेच कॅरेटमध्ये रूपांतर करतात. २०२३ च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या कॅरेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला होता. त्या हिशेबाने एक अर्ज म्हणजे तीन कॅरेट. दीडशेने गेलं की तोच अर्ज चाळीस कॅरेटचा. “मग जुलैतच का नाही भरलीस फी?” हा आबांचा सवाल. अर्ज सप्टेंबरनंतर उघडतात हे त्यांना पटत नाही. जगात कुठलीही गोष्ट भाव असताना विकावी आणि भाव असतानाच घ्यावी, एवढं साधं अमेरिकेला कळत नाही याचंच त्यांना आश्चर्य वाटतं.

अमेरिकेने डॉक्टरला तसाही एकदा दगा दिलेला आहे. जीआरईसाठी त्याने हजारभर इंग्रजी शब्द पाठ केले. दूध घालायला जाताना, भारं आणताना, रात्रपाळीची लाइट आली की बिबट्याच्या भीतीने मोठमोठ्याने म्हणत, पाणी धरताना. शब्द तोंडात बसले आणि तिकडच्या बायोलॉजी-केमिस्ट्रीच्या बऱ्याच विभागांनी एकेक करत जीआरई काढूनच टाकली. आता ते शब्द तो ग्रामसभेत वापरतो. उपसरपंचांना त्याने भर सभेत ‘गॅरुलस’ म्हटलं. त्यांना तो मान वाटला.

फॉर्ममधली पहिलीच अडचण नावाची. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग बापाचं. पासपोर्टवर वेगळा क्रम, आधारवर बापाच्या नावाचं स्पेलिंग निराळं. त्यामुळे तिकडून पत्रं येतात ती आबांच्या नावाने. ‘डिअर बबन’ अशी सुरुवात असलेलं एक नकारपत्र आबांनी देवघरात ठेवलंय. नकार आहे हे त्यांना सांगितलेलं नाही. दुसरी अडचण गावाची. तालुका आंबेगाव, पण तालुक्याचं कामकाज घोडेगावात, बाजारपेठ मंचरला आणि मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. ‘सिटी’च्या रकान्यात काय लिहायचं याचा त्याने इतका विचार केला आहे, की तेवढ्या विचारात एखादं रिॲक्शन मेकॅनिझम सुटलं असतं.

मुदतीच्या घोळात मात्र त्याला कुणी धरू शकत नाही. १ डिसेंबरची मुदत म्हणजे न्यूयॉर्कच्या रात्रीचे ११.५९, म्हणजे आपल्याकडे २ तारखेला सकाळचे १०.२९; कॅलिफोर्निया असेल तर दुपारचे १.२९. हे तो झोपेतही सांगतो. २ तारखेला सकाळी दहाला फिडरवरची लाइट जाते हेही त्याला माहीत असतं. म्हणून तो आदल्या रात्रीच फोन, लॅपटॉप आणि शेजाऱ्याचा इन्व्हर्टर चार्ज करून बसतो.

पण या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे शिफारसपत्रं. तीन लागतात, तीन वेगवेगळ्या प्राध्यापकांची. आणि तिघंही प्रेमाने एकच म्हणतात, “तूच लिहून आण, मी बघतो.” शनिवारी सकाळी डॉक्टर पहिल्या सरांच्या वस्तीवर जातो. सर द्राक्षाच्या घडांची विरळणी करत असतात. कात्री न थांबवता विचारतात, “काय काय लिहिलंय?” तो वाचून दाखवतो. सर म्हणतात, “‘ब्रिलियंट’ दोनदा आलंय. एक काढ. दिसतं ते.” दुसऱ्या सरांना इलेक्शन ड्यूटी. तिसऱ्यांना विद्यापीठाची लिंक मेलवर गेलेली असते, पण मेलचा पासवर्ड ऑफिसातल्या भाऊसाहेबांकडे आणि भाऊसाहेब लग्नाला.

तिन्ही पत्रं एकाच हातची वाटू नयेत म्हणून त्याने तीन सरांचे तीन स्वभाव बसवले आहेत. पहिले सर लांबलचक वाक्यं लिहितात आणि भारावून जातात. दुसरे आकड्यांत बोलतात. तिसरे जरा खडूस. ते शेवटी लिहितात की विद्यार्थी हुशार आहे, पण स्वतःला कमी लेखतो. ही ओळ लिहून डॉक्टर स्वतःच बराच वेळ गप्प बसला होता म्हणे. तिसऱ्या सरांनी मात्र ती वाचलीच नाही, सरळ अपलोड केलं.

हाच माणूस स्वतःच्या नावाने ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ लिहायला बसला की बिघडतो. सुरुवात मादाम क्युरीपासून. दोन नोबेल, १९०३ चं आणि १९११ चं, पिचब्लेंडच्या राशी, गळकी शेड. मादाम दोन-तीन परिच्छेदांत इतक्या ऐसपैस बसतात की डॉक्टरला स्वतःला यायला शेवटच्या ओळीपर्यंत थांबावं लागतं.

वास्तविक तो रसायनशास्त्राकडे कसा वळला हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. आबांचा एकरभर द्राक्षबाग होता. बोर्डो मिश्रण घरीच व्हायचं. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मोरचूद फडक्यात बांधून पाण्यात लोंबतं ठेवायचं, चुना वेगळा विरवायचा, मग दोन्ही एकत्र. मग आबा त्यात विळा बुडवायचे. पात्यावर तांबूस थर धरला की समजायचं चुना कमी पडला. अजून टाकायचा, पुन्हा विळा. पोरगं दुसरी-तिसरीत. विळ्याला बोट लावून म्हणालं, “आबा, हे तांबं आलं कुठनं?” आबा म्हणाले, “मोरचूदातनं. नळी धर.” त्याने नळी धरली, पण लोखंड तांब्याला पाण्यातून बाहेर कसं काढतं हा किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. आता तो हे फार सुंदर सांगतो. वर हेही सांगतो की फ्रान्सातल्या बोर्दो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर असलं निळं पाणी मारत; मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसलं की त्या वेलींवर डाऊनी रोग पडत नाही, आणि १८८५ साली त्याने ते छापलं. “म्हणजे चोरांमुळं लागला शोध,” असं म्हणून तो हसतो. ऐकणारा चहा थंड करून घेतो. कुठलीही प्रवेश समिती याला तिथल्या तिथे घेईल असं माझं मत आहे. पण एसओपीत हे घालायला तो तयार नाही. गावठी वाटतं म्हणे.

त्याच्या पत्रांची कीर्ती व्हायला वेळ लागला नाही. पहिल्या सरांनीच फोन केला, “अरे, यंदा बरीच पोरं लागलीत मागं. त्यांची पत्रं तूच कर, मला द्राक्षातनं डोकं वर काढायला वेळ नाही.” म्हणून आता घोडेगावपासून ओतूरपर्यंतची पोरं-पोरी त्याच्याकडे येतात. तो त्यांचे फोटो केबीत बसवतो, ट्रान्सक्रिप्टसाठी पहाटेच्या एसटीने पाठवतो म्हणजे चाकणच्या कोंडीआधी पुणं गाठता यावं, आणि सरांच्या वतीने त्यांची मनापासून स्तुती करतो. त्यातली खोडदकडची एक मुलगी, घरची द्राक्षं असलेली, त्याच जर्मन विद्यापीठाला अर्ज करत होती जिथे त्याचा स्वतःचा अर्ज होता. तिच्या एसओपीत फुलपाखरं होती. डॉक्टरने ती काढायला लावली. म्हणाला, “तुमच्याकडं बोर्डो करताना विळा बुडवतात ना? मग ते लिही.” तिने लिहिलं. सरांच्या नावाचं तिचं पत्रही त्यानेच लिहिलं, एका बैठकीत, खाडाखोड न करता.

मार्चमध्ये तिला बोलावणं आलं. ती पेढे घेऊन आली तेव्हा डॉक्टरचा आनंद खोटा नव्हता; तिच्या व्हिसाची कागदपत्रं कुठल्या क्रमाने लावायची ते त्याने पेढा तोंडात असतानाच सांगायला घेतलं. ती गेल्यावर मी न राहवून विचारलं, “अरे, विळ्याची गोष्ट तुझी. मग तुझ्या फॉर्मात का नाही घातलीस?”

“घालणार होतो,” डॉक्टर म्हणाला. “पण शब्दमर्यादा आहे हो. मादाम क्युरींना कुठं काढू?”