साऊंड्या

गणपतीत ज्या गल्लीतल्या खिडक्यांच्या काचा थरथरतात, साताऱ्यातल्या त्या गल्लीत आमच्या साऊंड्याला वर्षभर मान असायचा. मंडळांची गाणी तो घरी बसून मिक्स करायचा. गाण्यात जागा दिसली की तिथं ढोलकी, ढोलकीत जागा दिसली की बेस. मीटरचा लाल दिवा लागला की तो मान डोलवायचा. गाणं पेटलं!

मग पुण्याला जाऊन तो सिनेमा-टीव्हीचा साऊंड शिकायला लागला आणि गल्लीतला सर्वांत गोंगाटी मुलगा गल्लीला गप्प बसवत हिंडू लागला.

सुट्टीत आला की पहिला बळी कुकर. दुसरा पंखा. तिसरे आम्ही. "अर्धा मिनिट कुणी हलू नका, रूमटोन घेतोय." रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो म्हणे. दोन वाक्यांमध्ये कापाकापी झाली की तिथं तो भरावा लागतो, नाहीतर टीव्ही बंद पडला असं वाटतं. वडील म्हणाले, "फी घेऊन शांतता शिकवत्यात? आमच्या शाळेत छडीवर फुकट शिकवायचे."

शांतता मिळवायला सातारा-सांगली हे जिल्हे मात्र अगदी वाईट. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावल्याशिवाय कारखान्याकडे वळतच नाहीत. असा ट्रॅक्टर गेला की साऊंड्या हेडफोन काढतो आणि १९३१ सालच्या 'आलम आरा'ची हकीकत सांगतो: स्टुडिओजवळून आगगाड्या जायच्या, म्हणून त्या मंडळींनी रात्री चित्रीकरण केलं. सगळ्या घराला ही गोष्ट आता पाठ आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकून पुढे ऑस्कर मिळवणाऱ्या रसूल पूकुट्टींचा फोटो त्याने गणपतीशेजारी लावलाय. उदबत्ती दोघांनाही एकच.

खरी गंमत आजोळी, सांगलीला. बूम माईकचा लांब दांडा घेऊन अंगणात उभा राहिला, तर आजी म्हणाली, "आंबं पाडायचा आकडा कुठनं आणलास? झोळी तर फाटलीया." दुपारी फोली, म्हणजे सिनेमातले आवाज वेगळे काढून भरणं. सिनेमात हाड मोडल्याचा आवाज खऱ्या हाडाचा नसतो, भाजीपाला मोडून काढतात. याने उसाची कांडी मोडली. वाळक्या पाचोळ्यावरून चालण्यासाठी भडंगाचा डबा परातीत ओतला आणि त्यावर हळूहळू पावलं टाकली. पावलं हातानं टाकली, हे आजीला पटेपर्यंत संध्याकाळ झाली. उरलेलं भडंग त्यानेच खाल्लं, त्याचंही रेकॉर्डिंग आहे.

मिरजेत तर एका तंतुवाद्यवाल्याची त्याने पंचाईतच केली. पूर्वी गाण्यासाठी तंबोऱ्याचा आवाज घ्यायला जायचा, तेव्हा शेजारचा कारागीर घोडीवर कानस फिरवून जवारी काढत असला, तर हा कपाळाला आठ्या घालून थांबायचा. यंदा उलटं. "काका, तंबोरा जरा थांबवा, मला कानस पाहिजे." काकांनी इतक्या वर्षांत तंबोरा थांबवायला सांगणारं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. त्यांनी चहा मागवला, पण काळजीने.

माझं मत विचाराल तर पोरगं सुधारलंय. गाण्याच्या फायली ४४.१ किलोहर्ट्‌झच्या आणि सिनेमाच्या ४८च्या, हा फरक तो आठवड्यात शिकला. सिनेमाच्या ५.१मध्ये बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतं, हेही शिकला. युरोपातल्या प्रसारकांच्या संघटनेने २०१० साली टीव्हीसाठी उणे २३ एलयूएफएस ही आवाजाची पातळी ठरवली, ते ऐकून मात्र दोन दिवस जेवला नाही. लाल दिव्यावर वाढलेला जीव तो! तिथं पोहोचायला त्याच्या गाण्यांना डोंगर उतरावा लागला असता.

पण त्याचं खरं शिक्षण केलं आजीने. रात्रीची मालिका लागली की ती दर दोन मिनिटांनी विचारते, "काय म्हणाली रं ती?" साऊंड्या सांगतो की सुनेच्या वाक्यावर व्हायोलिनं चढलीत. आजी म्हणते, "मग उतरव की. सून महत्त्वाची का पिपाण्या?"

परीक्षेसाठी केलेल्या छोट्या फिल्मवर त्याने हा निकष लावला. आजीला समोर बसवून चालवली आणि ती "काय म्हणाली" म्हणाली की पार्श्वसंगीत खाली, पुन्हा म्हणाली की आणखी खाली. तिसऱ्या फेरीत आजीला सगळे संवाद स्वच्छ ऐकू आले आणि संगीत फक्त श्रेयनामावलीत उरलं. ते मंडळातल्या त्याच्या जुन्या दोस्ताने केलं होतं. तो हल्ली समोरून आला तर गाडी दुसऱ्या गल्लीत घालतो.