लेहवाले

मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांपुढे गेला तेव्हा अकोल्याच्या जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लावलं होतं. दंगल नाही, मोर्चा नाही, निव्वळ ऊन. एरवी जमावबंदीचं म्हणून ओळखलं जाणारं हे कलम, आणि ऊन मात्र चौकाचौकांत बिनदिक्कत जमलेलं. त्याच आठवड्यात शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून, लेहवाले एका टिप्पर ड्रायव्हरला समजावत होते की मायनस वीसमध्ये इंजिन चालू करायचं असलं तर आदल्या रात्रीपासून काय काय करावं लागतं. ड्रायव्हर बिचारा टायरमध्ये हवा भरायला आला होता.

लेहवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. सीमा सडक संघटनेत, म्हणजे ज्याला सगळे ग्रेफ म्हणतात तिथे, ते व्हेईकल मेकॅनिक होते. नोकरीचा मोठा भाग लडाखात, हिमांक प्रकल्पावर गेला. निवृत्त होऊन वऱ्हाडात आले ते डोझर, ग्रेडर आणि बर्फ उपसणाऱ्या मशिनींचं सगळं शहाणपण सोबत घेऊन. अशी माणसं आपल्याकडे तालुक्याला एकतरी असते. मुंबईच्या गोदीत क्रेन चालवून आलेला एक जण मला मूर्तिजापुरात माहीत आहे. तिथून समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण ट्रॉलीतून कापूस उतरवताना तो अजून भरती-ओहोटीच्या भाषेत बोलतो.

लेहवाल्यांच्या ज्ञानात मात्र खोट काढायला जागा नाही. “डिझेल इंजिनात ठिणगी नसते बावा. पिस्टन हवेले दाबून दाबून तिचा सतरावा-अठरावा हिस्सा करते, ते हवा पाचशे डिग्रीच्या वर तापते, मंग डिझेल पेटते. आता ब्लॉकचं लोखंडच बर्फ होऊन बसलं त हवेची गर्मी तेच खाऊन टाकते. इकडे ऑईल घट्ट, तिकडे बॅटरीचा जीव अर्धा. सेल्फ फिरन कसा?” हे ऐकताना समोरच्याच्या कपाळावरून घाम ओघळत असतो. त्याकडे त्यांचं लक्ष नसतं.

“फौजी, हिटर कोणता घेऊ?” असं चुकून कुणी विचारलं, की ते हिटरचं नाव काढत नाहीत. पोरीसाठी स्थळ पाहायला आल्यासारखी चौकशी सुरू होते. इंजिन किती लिटरचं? मशीन रात्री शेडात का उघड्यावर? साइटवर लाईट आहे का? आहे, पण पहाटे चारला असते का? (कृषिपंपाला वर्षानुवर्षं रात्रीची लाईट मिळालेल्या मुलखात या एका प्रश्नाचं उत्तर छातीठोक ‘हो’ असं येतं.) लाईट असेल तर ब्लॉक हिटर: ब्लॉकची एक डमी काढायची, त्या भोकात हिटरची काडी बसवायची, कूलंट तापतं आणि त्याच्यासोबत ब्लॉक. चार-साडेचार लिटरच्या इंजिनाला १००० वॅट पुष्कळ झाले. रात्रभर लावून ठेवायचा नाही, सुरू करण्याच्या तीनेक तास आधी. म्हणजे तीन युनिटांत काम. लाईट नसेल तर डिझेलवर जळणारा हिटर. तो टाकीतलंच थोडं डिझेल जाळतो आणि गरम कूलंट इंजिनातून फिरवतो, पण त्याचा पंप बॅटरीवर चालतो, म्हणून बॅटरी दणकट हवी. त्याची किंमत ऐकली की मालक हिटर न लावताच गरम होतो. ऑईल चेंबरला बाहेरून चिकटवायचा पॅड मिळतो, तो ब्लॉक हिटरच्या जोडीला बरा. इनटेकमधला ग्रिड हिटर फक्त आत जाणाऱ्या हवेपुरता. ऑईलला त्याचा काही आधार नाही. आणि ईथरचा फवारा? इथे लेहवाले उठून उभे राहतात. “हिटर प्लगवाल्या इंजिनात ईथर मारसान त पिस्टन हातात येईन. मले नंतर सांगू नोका.”

मग गाडी खुद्द डिझेलवर घसरते. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठतं, फिल्टर चोक होतो, म्हणून तिकडे पूर्वी रॉकेल मिसळत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑईलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास विंटर डिझेल पानिपतच्या रिफायनरीतून लडाखला पाठवायला सुरुवात केली. “मी रिटायर झाल्यावर!” हे ते अशा सुरात सांगतात, की सरकारने मुद्दाम वाट पाहिली.

एवढं सगळं झाल्यावर शेवटचा प्रश्न येतो. “सकाऊन टेम्परेचर किती रायते तुह्या साइटवर?”

“दहा-बारा.”

“मायनस?”

“नाई जी. साधं.”

“प्लस,” लेहवाले म्हणतात. वही मिटतात. “मंग हिटर कायले पायजे? सेटर घालून ये, मशीन चालू होते.”

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा एकेरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून गिनेसमध्ये गेला. आधीचा विक्रम कतारचा होता. अख्खा जिल्हा फोटो काढायला लोटला, लेहवालेही गेले. विक्रमाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. रात्री दोन वाजता धडधडणाऱ्या पेव्हरकडे पाहून ते एवढंच म्हणाले, “बंदच नाई करून रायले. शाबास. एकडाव बंद केलं का सकाऊन तरास.” लेहला बर्फात इंजिनं रात्रभर चालू ठेवत. इथे डांबर निवू नये म्हणून चालू होती. लेहवाल्यांच्या लेखी दोन्ही सारखंच.

वऱ्हाडात त्यांची एकच आशा: चिखलदरा. अकराशे मीटरची उंची, डिसेंबरात पारा एक आकडी. परतवाड्याच्या एका ठेकेदाराची जेसीबी तिथे सकाळी सेल्फच घेईना. ऑपरेटरने रेडिएटरमध्ये गरम पाणी ओतून पाहिलं, चेंबरखाली गोवऱ्या पेटवून पाहिल्या. ठेकेदाराने हिटर घ्यायचं ठरवून लेहवाल्यांना गाडी पाठवली. डांबरगोळ्यांचा वास मारणारा लडाखचा कोट बाहेर निघाला. अकोटमार्गे घाट चढून पहाटे साइटवर पोचल्यावर त्यांनी आधी तोंडातून वाफ निघते का ते पाहिलं. निघाली. चेहरा उजळला. मग बॅटरीवरचं झाकण काढलं. टर्मिनलवर पांढरी बुरशी, अर्थची वायर चेसिसला नावापुरती टेकलेली. पॉलिश पेपरने घासलं, तेरा नंबरच्या पान्याने आवळलं, ऑपरेटरला चावी फिरवायला सांगितली. पहिल्या सेल्फला इंजिन धडधडलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फक्त लेहवाल्यांचं तोंड पडलं. “हे हिव नोहे,” ते म्हणाले, “हा मय आहे.”

“तरी एखादा हिटर घेऊन ठेवतो न फौजी,” ठेकेदार म्हणाला.

“पैसे जास्त झाले काय बे?”

घरी काकूंचं म्हणणं वेगळं. “जगाच्या इंजिनाले गरम पाणी पायजे, अन् घरी गिझर लावा म्हटलं त म्हणते, प्लसमध्ये कायले?” त्यांच्याकडे अजून आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं.

लेहवाल्यांच्या सल्ल्याने अकोला आणि अमरावती या दोन्ही जिल्ह्यांत मिळून आजवर एकही हिटर विकला गेलेला नाही. तुमची मशीन सकाळी रुसत असेल तर आधी बॅटरीचे टर्मिनल घासा, अर्थची वायर आवळा. तरीही नाहीच ऐकलं तर शेडवर जरूर जा, पण सवड काढून जा. पहिला प्रश्न लिटरचा असतो, आणि तिथून प्लस-मायनसवर यायला त्यांना दोन चहा लागतात.