मूर्खलक्षणांत थोडी भर

समर्थांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खांच्या लक्षणांनी केली आणि शेवट पढतमूर्खांच्या. यादी लांबलचक आहे, पण साडेतीनशे वर्षांपूर्वीची आहे. हातात पैसे घेऊन दारात उभं राहिलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारा डॉक्टर तिच्यात नाही. डोळ्यांना दिसेल न दिसेल अशा ठिपक्यासाठी सह्या, समित्या आणि परवानग्या मागणारा संशोधक नाही. आपल्या गळ्यात पडलेला हार काढून मेलेल्या माणसाच्या फोटोला घालणारा शास्त्रज्ञही नाही. बाजाराच्या हिशेबानं हे तिघंही मूर्ख ठरतात. या लेखात मी त्यांची स्तुती करणार आहे, आणि ती मनापासून करणार आहे.

हे मध्य प्रदेशातल्या धामनोदमधून लिहिण्याला कारण आहे. आग्रा-मुंबई रस्ता मानपूर सोडून निमाडात उतरायचा तो गणपती घाटातून. खाली धामनोद, पुढे खलघाटला नर्मदा. या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी इतकी माणसं मारली की शेवटी घाट चुकवणारा नवा रस्ता काढावा लागला. मेलेल्यांची बातमी होते. मणका मोडून जगलेल्यांची होत नाही. विशीतला क्लीनर इंदूरच्या एमवाय रुग्णालयातून घरी येतो आणि पुढची सगळी वर्षं खाटेवर काढतो. आई दर दोन तासांनी त्याची कूस बदलते. माकडहाडापाशी कातडी लाल झाली की तिच्या पोटात गोळा येतो, कारण लालसर डागाची जखम व्हायला वेळ लागत नाही आणि जखम हाडापर्यंत गेली की पोरगा तापानं फणफणतो. लघवीच्या नळीची तारीख तिला तोंडपाठ असते. तिच्या पिशवीत एक्स-रे, एमआरआय आणि औषधांच्या चिठ्ठ्या असतात. अक्षर वाचता येत नसलं, तरी कुठला कागद कुठला, ते तिला कळतं.

अशा घरातला बाप जेव्हा विचारतो, "डॉक्टरसाहेब, ते स्टेम सेल का काय म्हणतात, त्यानं पाय येतील का?" तेव्हा मूर्ख डॉक्टर सांगतो, "काका, आज तरी नाही. मज्जारज्जू जोडणारं सिद्ध झालेलं औषध कुणाकडेच नाही. तुमचे पैसे ठेवा. हवेची गादी घ्या, व्यायाम सोडू नका, जखम होऊ देऊ नका." एवढं बोलून तो गिऱ्हाईक घालवतो. बाप नाराज होतो. त्याच आठवड्यात शहाण्याचा फोन येतो. चार इंजेक्शनं, राहण्याची सोय, पुन्हा चालू लागलेल्या माणसांचे व्हिडिओ. शेत गहाण पडतं. पाय येत नाहीत. पाचवं इंजेक्शन राहिलं म्हणून आले नाहीत, असं मग शहाणा सांगतो.

हा शहाणा ज्या नावावर पोट भरतो, ते नाव काही लबाडीचं नाही. १९९८ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणापासून मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, वेगळ्या करून बशीत वाढवल्या. गर्भधारणेनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूण म्हणजे शे-दोनशे पेशींची पोकळ गोळी असते. तिच्या आत एका बाजूला चिकटलेला पेशींचा एक पुंजका असतो. बाळ त्याच पुंजक्यातून घडतं. तोच बाहेर काढून वाढवला, तर त्यातून हृदयाची, मज्जेची, स्वादुपिंडाची, कुठलीही पेशी घडवता येते. पण तो काढला की भ्रूण उरत नाही. सगळा वाद इथून सुरू होतो, आणि हा वाद खरा आहे. भोळ्या लोकांची ती भीती नव्हे.

९ ऑगस्ट २००१ ला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जाहीर केलं की अमेरिकी सरकारचा पैसा फक्त त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या पेशीसमूहांवरच खर्च होईल. नवा भ्रूण त्यासाठी मोडता येणार नाही. अमेरिकी सरकारनं अशा साठेक पेशीसमूहांची यादी केली आणि त्यात दोन भारतीय नावं निघाली : मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बंगळूरचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र. मुंबईचे सात, बंगळूरचे तीन. यादीतले वीस-बावीसच पुढे संशोधकांच्या हाती आले, हा भाग वेगळा. पण त्या दिवशी जगाला कळलं की भारतात वंध्यत्वाचे दवाखाने आहेत, उरलेले भ्रूण आहेत आणि तेव्हा नियम म्हणावेत असे नियम नाहीत. इथले भ्रूण हा कच्चा माल ठरायला एवढं पुरेसं होतं. व्यापाऱ्याच्या नजरेनं ती संधी होती. ती साधून मोकळं व्हायचं सोडून काही मंडळी नियमावली लिहीत बसली. २००७ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी मार्गदर्शक तत्त्वं काढली. भ्रूण फक्त उपचारातून उरलेला हवा, जोडप्याची लेखी संमती हवी, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत, आणि चौदा दिवसांपुढे तो वाढवायचा नाही.

हे चौदा दिवस कुठून आले? ब्रिटनमध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या समितीनं १९८४ मध्ये ही रेघ ओढली आणि १९९० च्या कायद्यानं ती पक्की केली. समितीच्या अध्यक्ष तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक होत्या. चौदाव्या दिवसाच्या सुमारास भ्रूणावर एक बारीक पट्टी उमटते, आणि इथून पुढे एकाचे दोन होत नाहीत. त्याआधी त्या गोळीतून जुळी होऊ शकतात, म्हणजे ‘एक जीव’ अजून ठरलेलाच नसतो. निसर्गानं काही तिथे कुंपण घातलेलं नाही. माणसांनी एकत्र बसून ‘इथवर’ असं ठरवलं, इतकंच. पुढे काय झालं ते बघा. २०१६ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी मानवी भ्रूण बशीत बारा-तेरा दिवसांपर्यंत वाढवून दाखवले. त्याआधी हे कुणाला जमलं नव्हतं. समोर अज्ञात प्रदेश, हाताशी साधनं, आणि तरी त्यांनी प्रयोग तिथेच थांबवला, कारण रेघ जवळ आली होती. एका रात्रीत नाव झालं असतं! मला या थांबण्यापुढे हात जोडावेसे वाटतात. २०२१ मध्ये मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं ही रेघ थोडी सैल केली. तेही लपूनछपून नाही, चर्चा करून, कारणं लिहून.

भ्रूण मोडायला मुळातच नकार देणारे आणखी मोठे मूर्ख ठरवले जातात. वसईचा सामवेदी किंवा वाडवळ ख्रिस्ती बांधव त्याच्या चर्चच्या शिकवणीनं म्हणतो की गर्भधारणेच्या क्षणापासून तो माणूसच. मध्य प्रदेशातल्या आणि मुंबईतल्या जैन कुटुंबांना सूक्ष्म जिवाचीही हिंसा नको असते. गर्भोपनिषदात गर्भाच्या वाढीचे टप्पे रात्री मोजून सांगितले आहेत आणि जीव सातव्या महिन्यात येतो असं म्हटलं आहे. म्हणजे आपल्याकडेही एकच उत्तर कधी नव्हतं. मी स्वतः उरलेल्या भ्रूणांवर, संमती घेऊन, संशोधन व्हावं या बाजूचा आहे. टाकून द्यायच्या भ्रूणातून कुणाच्या पोराचा मधुमेह बरा होणार असेल, तर तो टाकून देण्यात मला पुण्य दिसत नाही. पण नकार देणाऱ्यांना मागासलेले म्हणणं मला मान्य नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी मित्राच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली एक भ्रूण पाहिला आणि त्यांना आपल्या मुली आठवल्या. हे त्यांनीच सांगितलं आहे. दुसरी वाट असलीच पाहिजे, असं त्यांना वाटत राहिलं. २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशी त्यांनी भ्रूणपेशींसारख्या करून दाखवल्या. भ्रूण लागलाच नाही. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. ती अस्वस्थता बाजूला सारली असती, तर हा शोध त्यांच्या हातून लागला असता का, कोण जाणे. मात्र भ्रूणपेशींवर आधी झालेलं काम नसतं, तर काय साधायचं तेच त्यांना कळलं नसतं, हेही तितकंच खरं.

उलट दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक बघा. २००४ आणि २००५ मध्ये त्यांनी क्लोन केलेल्या मानवी भ्रूणापासून पेशी मिळवल्याचं जाहीर केलं. देशानं डोक्यावर घेतलं. मग कळलं की आकडे बनावट होते आणि स्वतःच्या प्रयोगशाळेतल्या कनिष्ठ मुलींची अंडी वापरली होती. हाताखालची मुलगी साहेबांना नाही कशी म्हणेल? संमतीचे कागद म्हणजे कारकुनी कटकट, असं ज्यांना वाटतं त्यांनी त्या मुलींचा विचार करावा. आपल्याकडे कृत्रिम गर्भधारणेविषयीच्या २०२१ च्या कायद्यानं स्त्रीला आयुष्यात एकदाच अंडी देता येतात, तीही सातपेक्षा जास्त काढायची नाहीत. धंद्याला हा मोठा अडथळा आहे. गरजू बाईच्या शरीरासाठी मात्र ते एवढंच संरक्षण आहे.

आता तो हार काढून देणारा माणूस. ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये हर्षा जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचं हे यश. देशभर नाव झालं, भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून. पण कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी ३ ऑक्टोबर १९७८ लाच हे करून दाखवलं होतं. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, परिषदांना जाऊ दिलं नाही, त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत केली. १९८१ मध्ये त्यांनी स्वतःला संपवलं. १९९७ मध्ये आनंदकुमारांच्या हाती त्यांच्या नोंदी आल्या. त्यांनी त्या बारकाईनं वाचल्या आणि छापून सांगितलं की पहिला मान माझा नाही, मुखोपाध्यायांचा आहे. गप्प बसले असते, तरी चाललं असतं. आपल्या नावापुढचा ‘पहिला’ स्वतःच्या हातानं खोडणारा माणूस मला विज्ञानाच्या इतिहासात फारसा दिसत नाही.

त्याच परळच्या संस्थेत पुढे डॉ. दीपा भारतीय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मानवी भ्रूणपेशीसमूह तयार केले, काइंड-१ आणि काइंड-२. अशा पेशी सांभाळणं म्हणजे तान्हं बाळ सांभाळणं. त्यांना खालून दुसऱ्या पेशींचं अंथरूण लागतं, वरून रोज ताजं पोषणद्रव्य. रविवार नाही, दिवाळी नाही. एखादा दिवस चुकला की पेशी आपल्या मनानं भलतंच काही व्हायला लागतात, आणि महिन्यांचं काम वाया जातं. लोकल बंद पडलेल्या दिवशीही कुणीतरी जाऊन द्रव्य बदलतंच. आणि एवढं करून ही माणसं म्हणतात, "उपचार अजून नाही."

‘अजून नाही’ म्हणायला मोठी ताकद लागते. २०१३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं सुधारताना त्यांच्या नावातून ‘उपचार’ काढून टाकलं आणि फक्त ‘संशोधन’ ठेवलं, म्हणजे कुणी त्याच कागदाचा आधार घेऊन दुकान उघडू नये. २०१७ च्या आवृत्तीनंही तेच सांगितलं : रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं, तर बहुतेक सगळं मान्यताप्राप्त चाचणीतच करायचं. हे प्रत्यारोपण जुनं आणि पक्कं आहे. टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी ते १९८३ मध्ये केलं. त्यात भ्रूणाचा काही संबंध नाही, पण शहाणे त्याचंच यश दाखवून मणक्याची इंजेक्शनं खपवतात. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळानं स्वमग्न मुलांना मूलपेशी देण्याची शिफारस करता येत नाही, असं स्पष्ट केलं. तोवर कित्येक आईबापांनी दागिने मोडले होते.

आणि थांबणाऱ्यांना फळ येतच नाही, असंही नाही. भ्रूणपेशींची पहिली चाचणी ऑक्टोबर २०१० मध्ये अमेरिकेत झाली, ती मणका मोडलेल्यांवरच. पाच रुग्ण झाल्यावर कंपनीनं पैशाअभावी ती थांबवली. पाय कुणाचेच आले नाहीत, आणि तसं जाहीरही झालं. २०२५ मध्ये पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. भ्रूणपेशींपासून घडवलेल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची पूर्ण मात्रा बारा जणांना दिली होती. वर्षभरानं त्यातल्या दहा जणांना इन्सुलिन टोचून घ्यावं लागत नव्हतं. थॉमसनपासून इथवर यायला सत्तावीस वर्षं लागली. शहाण्यानं ती चार इंजेक्शनांत बसवली होती.

२०२१ च्या कायद्यानं साठवलेला भ्रूण दहा वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. मुदत संपली की तो नष्ट होऊ द्यायचा किंवा जोडप्यानं संमती देऊन नोंदणीकृत संस्थेला संशोधनासाठी द्यायचा. मोबदला शून्य. आभाराचं पत्रही कदाचित येत नसेल. तरी त्या कागदावर दोघांनी सही करायची ती अशा कुणासाठी, ज्याचं नावही त्यांना कळणार नाही.

धामनोदच्या त्या घरात शहाण्याचा फोन पुन्हा येईल. बापानं त्याला दोनच गोष्टी विचाराव्यात. चाचणी असेल तर भारतीय चाचणी नोंदवहीतला तिचा क्रमांक काय? आणि चाचणी असेल तर रुग्णाकडून पैसे कसे घेता? क्रमांक नसेल किंवा पैसे मागितले जात असतील, तर फोन ठेवावा आणि हवेची गादी आणायला इंदूरची बस धरावी.